पेशंटला सांगू नका

आपल्याकडे रोग झाल्याची बातमी सर्वांत शेवटी कळते ती पेशंटला. त्याच्या आधी ती मुलाला कळते, जावयाला कळते, कराडच्या मेहुण्याला कळते आणि दवाखान्याबाहेर गाडी घेऊन थांबलेल्या शेजाऱ्यालाही कळते. पेशंट आत कॉटवर शर्टाची बटणं लावत असतो. डॉक्टर पडद्याबाहेर येतात, आवाज खाली आणतात, आणि नातेवाईक ठरलेलं वाक्य बोलतात, "डॉक्टर, पेशंटला सांगू नका." मग सगळे चेहरे नीटनेटके करून आत जातात आणि थोडी ॲसिडिटी आहे म्हणून सांगतात. पेशंट म्हणतो, "मला वाटलंच, परवाची भजी बाधली." सगळ्यांना हायसं वाटतं. पेशंट जातो तेव्हा भज्यांना दोष देत जातो.

ही प्रथा मोडायला सरकारनं आधी कायदा केला. कायद्यामुळे पेशंटच्या सह्यांची संख्या वाढली. 'मला सर्व समजावून सांगण्यात आले आहे' याच्याखाली माणसं न वाचता सही करत आणि बाहेर येऊन बायकोला विचारत, "काय म्हणाले गं डॉक्टर?" मग पट्टी आली.

पट्टीमागचं विज्ञान तसं जुनं आणि सोपं आहे. बँकेत नावं पुकारली जात असताना आपण पेंगत असतो. पन्नास नावं कानांवरून जातात आणि काहीच होत नाही. स्वतःचं नाव आलं की मान वर होते. मान वर होण्याआधीच मेंदूत, डोक्याच्या मागच्या बाजूला, विजेची एक बारीक लाट उठते. नाव ऐकल्यापासून साधारण तीनशे मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवायच्या आत. ओळखीची, जिव्हाळ्याची, जिवाला लागलेली गोष्ट समोर आली की ती उठते. ती दाबता येत नाही आणि ओढूनताणून आणता येत नाही. पट्टी कपाळावरून मागे बांधायची आणि समोरच्या पडद्यावर रोगांची नावं झरझर पळवायची. दमा, काचबिंदू, मुतखडा, कावीळ, संधिवात. ज्याला आपला रोग माहीत आहे त्याची लाट आपल्या रोगापाशी उठते. ज्याला माहीत नाही त्याला ती नुसती रोगांची वरात वाटते. पेशंटला काही विचारायला नको, सांगायलाही नको. डॉक्टर खरं बोलला की नाही, ते पेशंटचं डोकंच सांगतं.

नियम असा झाला की गंभीर आजाराचा एकही पेशंट अंधारात सापडला, तर दवाखान्याला कुलूप.

विट्यात आणि आसपासच्या गावांत ही पट्टी घेऊन फिरणारा निरीक्षक निलेश तोडकर. तो लाच घेत नसे, दवाखान्यात चहाही घेत नसे, त्यामुळे त्याच्याबद्दल बरं बोलणारं कुणी नव्हतं. तीन वर्षांत त्यानं एवढे दवाखाने बंद केले की ताप आलेला माणूस आधी एसटीचं वेळापत्रक बघू लागला. गावात उरले होते एकटे डॉ. बाहुबली मगदूम. मगदूम हुशार होते. तपासणीच्या आदल्या आठवड्यात ते पेशंटांना बाकावर ओळीनं बसवून घोकून घेत. "बोला आक्का, मला काय आहे?" "मला म-धु-मे-ह आहे." "मोठ्यानं." येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे शिकवणी चाललीय.

त्याच मगदूमांकडे निलेश बायकोला घेऊन गेला. हर्षदाला दोन महिने पाठीतून कळ यायची, जेवण जात नव्हतं. तपासण्या झाल्या. निकालाच्या दिवशी मगदूमांनी दोघांना समोर बसवलं आणि चष्मा पुसला.

"पूर्वी आम्ही पडद्याबाहेर जाऊन बोलायचो," ते म्हणाले. "आता साहेबांच्या नियमानं पेशंटसमोरच बोलावं लागतं. तर बोलतो."

"एक मिनिट," निलेश उठला. "डॉक्टर, जरा बाहेर या."

पडद्याबाहेर मगदूमांनी सांगितलं. स्वादुपिंडाचा कर्करोग. "पण हातपाय गाळू नका. पूर्वी सहा महिने म्हणायचो. आता रोजची गोळी आलीय. न चुकता घेतली तर लोक चार-पाच वर्षं काढतात. मळमळतं, थोडे केस जातात, पण काढतात."

निलेशच्या डोळ्यांसमोर सासूबाई आल्या. त्यांना 'कर्करोग' हा शब्द कळला त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि परत फिरवलं नाही. रोगाला फार काम पडलं नाही.

"डॉक्टर," तो म्हणाला, "हिला सांगू नका."

मगदूम म्हणाले, "हे कोण बोलतंय? निरीक्षक की नवरा?"

"नवरा."

"आणि निरीक्षक?"

"त्याला कळणार नाही."

"नाही, तुमच्याच घरी जेवायला असतो ना तो, म्हणून विचारलं."

दोघे चेहरे नीट करून आत गेले. हर्षदाला सांगितलं की स्वादुपिंडाला सूज आहे, रोज एक गोळी घ्यायची, आणि ती उष्ण पडते म्हणून केस गळतील. हर्षदा म्हणाली, "मला वाटलंच. यांना सारखं तिखट लागतं."

पावसाळा सरता सरता मगदूमांची तपासणी लागली. तपासणीत कुणाला पट्टी बांधायची ते पट्टीचं यंत्रच दवाखान्याच्या नोंदी वाचून ठरवतं, आणि गंभीर पेशंट ते एकही सोडत नाही. नातेवाईक पेशंट असेल तर निरीक्षक बदलून घ्यायची सोय होती. त्यासाठी त्या नातेवाइकाला आजाराचं नाव कळवून संमती घ्यावी लागे. ही तरतूद खुद्द निलेशनंच सुचवली होती.

पहिल्या दिवशी हलके पेशंट होते. खानापूर रस्त्याकडचे बाबूराव जंगम बसले. हृदयाची झडप गळते, हे त्यांच्याकडून आठवडाभर घोकून घेतलेलं. पडद्यावर रोगांची वरात गेली. झडपेपाशी बारीकशी लाट उठली. दम्यापाशी मात्र उभी भिंत.

"बाबा, तुम्हाला दमा नाही," निलेश म्हणाला.

"मला कशाला असंल? हिला हाय. चाळीस वर्षं रातच्याला झोपू देत न्हाई."

"मग तुम्ही तो शब्द आला की एवढे का दचकता?"

"साहेब, झडप माझ्या एकट्याची हाय. दमा दोघांचा हाय."

मगदूम खाली बघून हसले. निलेश हसला नाही. तो त्या उभ्या भिंतीकडे बघत होता. पट्टीला आजार कुणाला आहे ते कळत नाही. आजार जिवाला किती लागलाय एवढंच कळतं.

पेशंट गेल्यावर मगदूमांनी दार लोटलं. "उद्या वहिनी आहेत यादीत. आज घरी जाऊन सांगून टाका. तोंडावर पाणी मारून, हात धरून सांगा. माणसं सोसतात हो. आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त सोसतात."

"तिची आई सोसली नाही."

"मग उद्या कुलूप घेऊनच या. अख्ख्या गावात मी एकटा उरलोय, ती मेहेरबानीही तुमचीच. आणि तिची ती गोळी तिला इथून पुढं कोण लिहून देणार तेही बघा."

निलेश म्हणाला, "कुलूप लागणार नाही."

घरी हर्षदानं ताट वाढलं. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, दोडक्याची भाजी. स्वतः घासभर घेऊन बसली होती. निलेशनं पहिला घास मोडला आणि तसाच ठेवला.

"हर्षदा, मला स्वादुपिंडाचा कर्करोग झालाय."

तिनं हातातला डाव खाली ठेवला. "काय झालंय?"

"स्वादुपिंडाचा कर्करोग."

"मला सूज आणि तुम्हाला...?"

"हो. स्वादुपिंडाचा कर्करोग." त्यानं नाव पुन्हा एकदा सावकाश घेतलं. बाबूरावांना मगदूमांनी घोकायला लावलं होतं तसंच.

"कुणी सांगितलं?"

"मगदूमांनी."

"तुम्हाला? तोंडावर?" तिनं ताट बाजूला सारलं. "असं कसं सांगवलं त्या माणसाला? मला बाजूला घेऊन सांगायचं की. पेशंटला कुणी सांगतं का असं?"

"कायदा आहे."

"तुमचाच मेला कायदा," ती म्हणाली आणि मग रडली. निलेशला तिचं रडणं बघवत नव्हतं, पण ते रडणं सासूबाईंसारखं नव्हतं. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं होतं. हर्षदा त्याच्याकडे तोंड करून रडत होती. त्याला वाटलं, आपण बरोबर केलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या कपाळाला पट्टी बांधली. दमा, काचबिंदू, मुतखडा गेले. स्वादुपिंडाचा कर्करोग आला तेव्हा उठलेली लाट पडद्यात मावली नाही, यंत्राला मोजपट्टी बदलावी लागली. निष्कर्ष आला: रुग्णास आपल्या आजाराची पूर्ण जाणीव आहे. आणखी दोघांना पट्टी बांधून झाल्यावर दवाखान्याला 'उत्तम' दर्जा मिळाला. जिल्ह्यात तो त्या वर्षी कुणालाच मिळालेला नव्हता.

पट्टी सोडताना हर्षदा पुटपुटली, "त्या मशीनमध्ये पण तुमचाच आजार होता हो."

सगळ्यांना वाचवणारं खोटं फार छान वाटतं. पहिले आठ-दहा दिवस निलेशला ते तसंच वाटलं. त्याला उकडलेल्या भाज्या मिळत होत्या आणि दुपारी डोक्याला तेल मिळत होतं. मग एकदा तो औषधांच्या डब्यात बाम शोधत होता, तर हर्षदाच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी.

"हे काय?"

"सोडल्या," ती म्हणाली. "रेणावीच्या रेवणसिद्धाला नवस बोललेय. तुमचं दुखणं जाऊ दे, म्हटलं, मी माझं औषध सोडते. लोक भात सोडतात, चप्पल सोडतात. मला म्हटलं, अंगाला लागेल असं काहीतरी सोडावं. नाहीतर देवालाही कळतं, फुकटात मागतेय ते."

"वेडी आहेस का? ती गोळी घ्यायलाच पाहिजे."

"सूज तर आहे. राहीना तेवढी."

"हर्षदा, मी सांगतोय, ती घे."

"का पण? सुजेनं कुणी मरतं का?"

याचं उत्तर निलेशकडे होतं. ते त्यानं ओठांपर्यंत आणलंही. मग तो चप्पल घालून मगदूमांकडे गेला.

मगदूमांच्या खोलीत 'उत्तम' दर्जाची पाटी लागली होती. आसपासच्या तालुक्यांतून पेशंट येऊ लागले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हीच म्हणाला होता, सांगून टाका," निलेश म्हणाला. "आज सांगतो. तुम्ही शेजारी बसा."

"आज?" मगदूमांनी पाटीकडे बघितलं नाही, पण बघायचं टाळलेलं कळत होतं. "बघा हं साहेब, घाई नको. तुम्ही तिला सांगितलं की ती विचारणार, मग तुम्हाला काय झालंय? मग चार बायकांत बोलणार. मग ती लाट कशाची होती, ते तुमचे वरचे साहेब विचारणार. तुमची नोकरी जाईल, ते सोडा. इथं रोज दीडशे लोक येतात. त्यांनी कुठं जायचं?"

"मग तुम्ही दुधातून द्या. काढा म्हणून द्या."

"पेशंटला न सांगता औषध?" मगदूम मनापासून दचकले. "तो गुन्हा आहे. तुम्हीच नाही का त्या बुधगावकरांचा दवाखाना त्याच्यावरून बंद केला?"

म्हणून निलेशनं ते घरी केलं. रोज संध्याकाळी गोळीची पूड करून वेलदोडा घातलेल्या दुधात मिसळायची आणि पेला हर्षदापुढे धरायचा. हर्षदा पेला घ्यायची, वास घ्यायची, ओठाला लावायची आणि त्याच्याच तोंडाला लावायची. "ताकद तुम्हाला पाहिजे. प्या बघू. माझ्यादेखत प्या." ती समोर मांडी घालून बसायची. तिला उठवायला निलेशनं बेल वाजली म्हणून सांगून पाहिलं, फोन आला म्हणून सांगून पाहिलं. ती म्हणायची, "वाजू दे." मग तो प्यायचा. दुसऱ्या संध्याकाळी नव्या आशेनं पुन्हा पेला धरायचा.

महिन्याभरात त्याचे केस गेले. भुवया विरळ झाल्या, घशाखाली अन्न उतरेना, कातडीला राखेचा रंग आला. गावात ज्यांच्या मनात थोडी शंका होती त्यांचीही फिटली. ज्या डॉक्टरांचे दवाखाने त्यानं बंद केले होते त्यांतले दोघे भेटायला आले, बराच वेळ बसले आणि खुशीत गेले. हर्षदानं उपास वाढवला. तिची पाठ आता रात्रंदिवस दुखत होती, पण ती सांगत नव्हती. पेशंटसमोर आपलं दुखणं काय सांगायचं.

मगदूमांनी निलेशला तपासलं आणि हात झटकले. "ही गोळी धडधाकट माणसाला विष आहे. आजच्या आज बंद करा."

त्यानं बंद केली. हर्षदाला औषध द्यायचा दुसरा उपाय त्याला सुचला नव्हता. महिना-दीड महिना गेला तसं त्याला जेवण जाऊ लागलं, डोक्यावर लव दिसू लागली, मग केस आले. पूर्वी विरळ होते, आता दाट आणि कुरळे आले. हर्षदा तोवर अंथरुणाला खिळली होती. तिचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि हाताची बांगडी खांद्यापर्यंत सरकत होती. ती रोज सकाळी त्याला खाली वाकायला लावायची आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. तिचा चेहरा फार समाधानी दिसे.

एका दुपारी मगदूम येऊन तपासून गेले. जाताना ते आपण होऊन पडद्याबाहेर, म्हणजे घराच्या ओट्यावर आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आता गोळीचाही उपयोग नाही. नातेवाइकांना बोलावून घ्या."

निलेश आत येऊन तिच्या उशाशी बसला. नोकरी, पाटी, दीडशे लोक यांतलं काही त्या क्षणी त्याच्या डोक्यात नव्हतं. आयुष्यभर जे काम त्यानं दुसऱ्यांकडून करून घेतलं ते एकदा स्वतः करायचं होतं.

"हर्षदा, मला काही झालेलं नाही."

"माहितीय," ती म्हणाली. "केस बघूनच कळलं मला."

"तसं नाही. मला कधीच काही नव्हतं."

"आता नाहीच म्हणायचं. नाव काढू नका त्याचं."

"ऐक तरी. तो कर्करोग मला नव्हता. तुला आहे. पहिल्या दिवसापासून तुलाच आहे. सूज नव्हती ती."

हर्षदानं त्याच्याकडे बघितलं. त्याला वाटलं, आता ती भिंतीकडे वळणार. त्यानं तिचा हात घट्ट धरला. ती वळली नाही. तिला जरा हसूच आलं.

"मला आहे ते मला कळत नाही होय? आतून खातंय ते."

"मग?"

"मग काय मग? त्याशिवाय तुमचं कसं गेलं असतं? गेलेलं कुठंतरी जाणारच की." तिला बोलताना धाप लागत होती. "मी तसंच बोलले होते देवाला. औषध सोडते म्हटलं ते वरवरचं. यांचं मला दे, असं बोलले होते. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नव्हतं."

"हर्षदा, असं होत नसतं. मी तुला शास्त्रानं सांगतो."

"तुमचं शास्त्र असू दे. केस बघा आधी आरशात." तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. "मी मळवट भरून जाणार, तुम्ही मागं राहणार. आणखी काय मागायचं बाईनं? एक तेवढं राहिलंय. नवस फेडायचा. माझ्याच्यानं आता होत नाही. उद्या सकाळी रेणावीला जाऊन या. अनवाणी जायचं, मोटारसायकल काढायची नाही."

"मी जाणार नाही. तू आधी खरं काय ते ऐकून घे."

"जाणार नाही?" तिच्या चेहऱ्यावरचं समाधान पहिल्यांदाच गेलं. त्या जागी जे आलं ते निलेशनं सासूबाईंच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. "मग फिटायचा कसा? उलटून परत तुमच्यावर आलं तर? मग माझं सगळं फुकटच की हो."

तिनं मान वळवायला सुरुवात केली.

"जातो," निलेश म्हणाला.

सकाळी शेजारच्या काकूंना तिच्याजवळ बसवून तो निघाला. घाटाची चढण चढेपर्यंत तळपाय सोलून निघाले. देवळात गर्दी नव्हती. पुजाऱ्यानं नारळ हातात घेतला, त्याच्या कुरळ्या केसांकडे आणि रक्ताळलेल्या पायांकडे बघितलं.

"नवस फेडायचाय?"

"हो."

"कशाबद्दल होता? देवाला सांगावं लागतं."

मागे एक कुटुंब खोळंबलं होतं.

"मी बरा झालो, त्याबद्दल," तो म्हणाला.

पुजाऱ्यानं नारळ दगडावर आपटला आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला. "घरी मंडळींना द्या," तो म्हणाला.